नुसती यादी

यादी म्हटलं की पहिल्यांदा काम आठवतं. वाण्याची यादी, गणपतीच्या पूजासाहित्याची यादी, प्रवासाला निघताना बॅगेवर ठेवलेली यादी. सामान आलं, पूजा झाली, गाडी सुटली, की तो कागद चुरगळून टाकायचा. पण काही माणसं कसलंही काम नसताना याद्या करतात. जेवणं उरकल्यावर किंवा एस.टी.ची वाट बघताना वहीत वर एक मथळा लिहितात आणि त्याखाली एकेक ओळ मांडत जातात. त्या यादीतून काही आणायचं नसतं, कुणाला काही द्यायचं नसतं. मला हा विरंगुळा फार मोलाचा वाटतो, आणि त्याच्याविरुद्ध जे बोललं जातं त्यातलं काही पटतंही. म्हणून दोन पात्रं कल्पून त्यांनाच बोलू दिलं आहे. वहिनी साताऱ्यातल्या एका रुग्णालयात थिएटर सिस्टर आहेत आणि त्यांच्या उशाशी याद्यांची वही असते. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. शाळेत भूगोल शिकवतात, सुट्टी मिळाली की डोंगरात जातात. याद्यांवर त्यांचा राग आहे.

भाऊजी : वहिनी, दिवसभर थिएटरात याद्याच वाचता ना तुम्ही? घरी येऊन परत तेच?

वहिनी : तिथली यादी वेगळी, भाऊजी. भूल द्यायच्या आधी, चीर घ्यायच्या आधी आणि पेशंट बाहेर न्यायच्या आधी, असं तीनदा थांबून मोठ्यानं विचारायचं. नाव काय, कुठली बाजू, कसली ॲलर्जी आहे का. शेवटी मॉप, गॉज, सुया, सगळं मोजायचं. दहा मॉप घेतले असतील तर दहाच्या दहा समोर दिसले पाहिजेत. नऊ दिसले तर पोट शिवायचं नाही, दहावा सापडेपर्यंत सगळे थांबणार. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ही १९ मुद्द्यांची यादी काढली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून बघितली, तर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. ज्यांनी ते काम उभं केलं त्या डॉ. अतुल गावंडे यांचं घराणं विदर्भातल्या उटी गावचं.

भाऊजी : मग त्या यादीला माझा नमस्कार. ती जीव वाचवते. तुमच्या उशाशी आहे ती कुणाचा जीव वाचवते?

वहिनी : कुणाचाच नाही. म्हणून तर ती करताना माझे खांदे सैल पडतात. तिच्यात चूक झाली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

भाऊजी : बघू. 'हाताला बरं लागणारं.' हा मथळा? चार तास भिजलेला साबुदाणा. मटाराच्या शेंगेची आतली बाजू. कोरं मडकं. कडक उन्हात वाळलेल्या सुती साडीची घडी. तान्ह्या बाळाची टाच. आर्टरी फोर्सेप्स मिटताना बोटांना कळणारा खटका. जात्याच्या खुंट्याचा झिजलेला भाग. आणि इथे मोरपीस लिहून खोडलंय. ते का?

वहिनी : मोरपीस सगळ्यांना आवडतं म्हणून लिहिलं गेलं. मग डोळे मिटून आठवून पाहिलं. मला ते बघायला आवडतं. हाताला त्याचं विशेष काही वाटत नाही. काढून टाकलं. भाऊजी, खरी मजा त्या खोडण्यात आहे. मथळा ठरला की आत काय घ्यायचं आणि बाहेर काय ठेवायचं हे बघावं लागतं, आणि तसं बघताना ती वस्तू नीट समोर येते. पहिल्या चार-पाच ओळी कुणालाही सुचतील अशाच असतात. मग गाडी अडते. थोडं गप्प बसायचं. त्यानंतर जे येतं ते आपल्या आतलं असतं. जात्याचा खुंटा तसा आला. आजोळी जातं होतं, सकाळी आजीबरोबर मीही त्याला हात लावायची, हे कित्येक वर्षांत मनातसुद्धा आलं नव्हतं.

इथे मला वहिनींची बाजू घ्यावीशी वाटते. पत्राला मायना लागतो, रोजनिशीला दिवसाचा हिशोब लागतो, लेखाला तर एका वाक्यातून दुसऱ्यात जायला वाट करून द्यावी लागते. यादीला क्रियापदही लागत नाही. दमून आलेल्या माणसाला लिहिण्याचा आनंद हवा असतो आणि लिहिण्याचे कष्ट झेपत नाहीत. त्याला एक नाम, फार तर त्याच्यामागे एखादं विशेषण, एवढंच पुरतं. जपानच्या सम्राज्ञी तेइशीच्या पदरी असलेल्या सेई शोनागोननं इसवी सन १००० च्या आसपास 'माकुरा नो सोशी' लिहिलं, त्यात अशा कितीतरी याद्या आहेत: चीड आणणाऱ्या गोष्टी, काळजाचा ठोका वाढवणाऱ्या गोष्टी. हजार वर्षांनंतरही त्या वाचाव्याशा वाटतात, कारण बाईंची निवड फार नेमकी आहे. याच्या उलट फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये तो पॅरिसच्या सँ-स्युल्पीस चौकात तीन दिवस बसला आणि दिसेल ते लिहीत गेला: बस, कबुतरं, येणारी-जाणारी माणसं. ज्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही तेही टिपायचं असं त्यानं ठरवलं होतं. प्रयोग म्हणून तो मोठा आहे, पण विसावा म्हणून मी शोनागोनच्याच मागे जाईन.

भाऊजी : तुम्ही निवड म्हणता. मला डोंगरात दिसतं ते वेगळंच. हल्ली किल्ले मोजणारे फार झालेत. पहाटे चंदन, उन्हं चढायच्या आत वंदन, जेवण गाडीत, संध्याकाळी वैराटगड. माथ्यावर पोचले की फोटो, की उतरायला सुरुवात. चंदन आणि वंदन यांच्या मधल्या खिंडीत उभं राहिलं तर दोन्हीकडे दोन भाऊ उभे असल्यासारखं वाटतं. तिथे कुणी थांबत नाही, कारण खिंड यादीत नाही. पक्ष्यांचंही तेच. दुर्मिळ पक्ष्याची बातमी आली की चाळीस किलोमीटर पळतील, आणि अंगणात सातभाईंचा थवा कल्ला करत असेल तर मान वर करणार नाहीत. तो आधीच नोंदला गेलाय ना! यादी माणसाला हावरट करते, वहिनी.

वहिनी : ते खरं आहे. पण ती यादी त्यांनी केलेली नसते. कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते आणि हे तिच्यात खुणा करत सुटतात. अशी यादी संपवायची असते. माझी संपवायची नसते. सुचेल तेव्हा एक ओळ वाढते, नाही सुचली तर नाही. किती झाले हे मी मोजत नाही. ओळींना आकडेसुद्धा घालत नाही.

भाऊजी : आकडे न घातल्यानं एवढा फरक पडतो?

वहिनी : करून बघा. आकडा घातला की नऊवर थांबवत नाही, दहा करावेसे वाटतात. दहावं मग ओढून आणलेलं असतं. आणि पक्ष्यांचं म्हणाल तर नावांची यादी केल्याशिवाय आपल्याला पक्षी दिसतच नाहीत. मला आधी नुसता 'काळा पक्षी' दिसायचा. नावं लिहायला लागले तेव्हा कोतवाल निराळा, कोकीळ निराळा, दयाळ निराळा, तोही काळा-पांढरा, असं एकेक सुटं झालं. मारुती चितमपल्लींनी पक्षिकोश केला. वनखात्यात नोकरी करताना जंगलात राहणाऱ्यांकडून त्यांनी नावं गोळा केली. त्यांना त्यामुळे जंगल कमी दिसलं असं म्हणाल का?

भाऊजी : कोश म्हणजे काम झालं. राज्यव्यवहारकोशही कामच होतं. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द हवे होते म्हणून शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून तो करून घेतला. दहा वर्गांत मांडलेला, राज्यकारभारासाठी. आपल्याकडे यादी मजेसाठी केलेली मला कुठे दिसत नाही. एकतर काम, नाहीतर देणंघेणं. लग्नाच्या याद्या म्हणजे काय? कुणी काय द्यायचं, मानपान कुणाचा किती, हे दोन्हीकडच्या वडीलमंडळींनी बसून लिहायचं. त्याच बैठकीत उरकून टाकलं की 'यादी पे शादी'. इतिहासकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडून पंचेचाळीस खंड छापले. त्यातल्या याद्या वाचा, सगळा हिशोब. आणि देवाची सहस्र नावं घ्यायची ती साधना म्हणून. विरंगुळा म्हणून नव्हे.

वहिनी : साधना आणि विरंगुळा यांच्यात एवढी उंच भिंत मला दिसत नाही. तुम्ही स्थानपोथी वाचली आहे?

भाऊजी : महानुभावांची. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले त्या जागांची नोंद. भूगोलवाल्यानं वाचावीच अशी पोथी आहे.

वहिनी : मग सांगा. गाव कुठलं, देऊळ कोणत्या दिशेला, मठ कुठे, हे इतकं बारीक का लिहायचं? नुसता नमस्कारच करायचा तर गावाचं नाव पुरलं असतं. स्वामी गेल्यावर माणसं तिथे तिथे जाऊन बघत होती, विचारत होती, लिहीत होती. दुःख होतंच. पण इथे दार, इथे कोपरा, असं एकेक मांडताना त्यांना काहीच सुख झालं नसेल, हे मी मानायला तयार नाही.

भाऊजी : त्यांना काय वाटलं ते आपण त्यांच्या तोंडी घालू नये.

वहिनी : ठीक. स्थानपोथी सोडते. आपला सज्जनगड घ्या. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास, मूर्खलक्षण. उपदेशाला दहा-पंधरा लक्षणं पुष्कळ झाली. समर्थ थांबतच नाहीत. ओवीमागून ओवी नवा मूर्ख येतो. त्याच दशकाच्या शेवटी पुन्हा पढतमूर्ख वेगळा काढतात, कारण शिकलेला मूर्ख पहिल्या यादीत नीट बसत नाही. यादी करणाऱ्यालाच असं सुचतं. आणि तिसऱ्या दशकात आध्यात्मिक ताप सांगताना दुखण्यांची नावं घ्यायला लागतात तेव्हा मला वाटतं, हा माणूस आमच्या ओपीडीत बसला असता तर केसपेपर सुंदर लिहिले असते. शब्द सुचताहेत, अजून एक, अजून एक, हा आनंद तिथे कानाला ऐकू येतो. तो मी माझ्या पदरचा घातलेला नाही.

भाऊजी : आनंद आहे, हे कबूल. पण तो उपदेशाच्या पोटी आलेला आहे. नुसत्या आनंदासाठी समर्थ बसले नव्हते.

हा मुद्दा भाऊजींच्या पदरात टाकावा लागेल. मात्र त्यांनी एक यादी विसरायला नको होती, आणि तिला उपदेशाचा वासही नाही. नाव-गाव-फळ-फूल. कुणीतरी मनात मुळाक्षरं म्हणायची, दुसऱ्यानं 'थांब' म्हणायचं, आलेल्या अक्षरावरून रकाने भरायचे. सगळ्यांहून वेगळा शब्द असेल तर दहा गुण, दुसऱ्या कुणाशी जुळला तर पाच. महाराष्ट्रातल्या किती पोरांनी मे महिन्याच्या दुपारी यात घालवल्या असतील! त्या पाच-दहाच्या नियमात फार शहाणपण आहे. सगळ्यांना सुचणारं कमी मोलाचं, म्हणून मूल आंब्यावरून आळूकडे जातं, डोक्यातले आडबाजूचे कप्पे उघडतं.

वहिनी : भाऊजी, 'ढ' आला की तुमचं गाव काय असायचं?

भाऊजी : ढेबेवाडी! पाटण तालुका. सगळे पुण्या-मुंबईचे मावसभाऊ पेन तोंडात घालून बसायचे. फळ मात्र कुणालाच येत नसे. मी एकदा ढोबळी मिरची लिहिली, त्यावर केवढं भांडण. मी म्हणालो, फुलातून येते, आत बिया आहेत, म्हणजे फळच. घरातल्या आप्पांना पंच केलं, तर ते म्हणाले, नैवेद्याच्या ताटात फळांच्या बाजूला ठेवाल का? मग फळ नाही.

वहिनी : बघा, आत घ्यायचं की बाहेर. तुम्हाला ते अजून आठवतंय.

भाऊजी : आठवतंय, कारण चार जणांत भांडलो होतो. तुम्ही एकट्या बसता. आणि हल्ली म्हणे झोप येण्यासाठी यादी करावी असं डॉक्टरलोकही सांगतात. आनंदाचंही औषध करून टाकलं.

वहिनी : तो प्रयोग मी वाचलाय. २०१८ मध्ये छापून आला, टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठातला. ५७ तरुण मुलं-मुली होत्या. निम्म्यांनी झोपायच्या आधी उद्याची कामं लिहायची, निम्म्यांनी उरकलेली. उद्याची लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. पण त्यावरून माझ्या वहीबद्दल काही सिद्ध होत नाही. तिथे डोक्यावरचं ओझं कागदावर उतरवायचं होतं. माझं निराळं आहे. मोठी केस उभ्यानं करून आले की अंग थकलेलं असतं आणि डोकं मात्र चालूच राहतं. टीव्ही लावला की ते बधिर होतं, मोकळं होत नाही. पुस्तक घेतलं तर तीच ओळ चारदा वाचते. यादीला दोन-चार मिनिटांनी एक शब्द द्यायचा, मध्ये नुसतं बसायचं. डोक्याला धरायला काहीतरी असतं, पण ओढ नसते.

भाऊजी : माझी खरी अडचण सांगू? तुम्ही साबुदाणा लिहिलात. आता पुढच्या एकादशीला भिजलेल्या साबुदाण्यात हात घालाल तेव्हा तो नुसता साबुदाणा राहणार नाही. हा आपल्या यादीत आहे, असं मनात येईल. जी गोष्ट सहज होती तिच्यावर चिठ्ठी लागली.

वहिनी : येतं मनात. नाही म्हणत नाही. म्हणूनच चांगल्या दिवशी मी वही काढत नाही. कासला फुलं बघायला गेलो होतो तेव्हा तुम्हीच पाहिलंत, वही घरी होती. यादी मोकळ्या, जरा उदास संध्याकाळची. त्या वेळी समोर काही नसतं, मग असलेलं-नसलेलं गोळा करावं लागतं. पण चिठ्ठी लागते म्हणून वस्तू हरवते, हे मला पटत नाही. हे पान बघा.

भाऊजी : 'मामंजींच्या खिशातलं.' हे कधी लिहिलंत?

वहिनी : मागच्या श्रावणात. वाचा ना.

भाऊजी : चुन्याची डबी. अडकित्ता. फुलपुडीच्या दोऱ्याची गुंडी. शाई संपलेलं पेन. एस.टी.ची तिकिटं, नळी करून ठेवलेली. खडीसाखर. वहिनी, अडकित्ता चुकलाय. अडकित्ता खिशात कधीच नसायचा, चंचीत असायचा. चंची खुंटीला. बाहेर जाताना ती काखेत जायची.

वहिनी : चुन्याची डबी तरी खिशात होती ना?

भाऊजी : डबी खिशात, डाव्या. कारण ती सांडायची आणि आई सदऱ्याच्या डाव्या खिशाला कायम नावं ठेवायची. आणि खडीसाखर रोज नसायची, फक्त गुरुवारी, दत्ताच्या देवळातून आलेली. दोरा बरोबर. पेन शाई संपलेलं नव्हतं, ते उलटं धरून झटकावं लागायचं. पाकीट तुम्ही लिहिलंच नाही.

वहिनी : पाकीट त्यांच्याकडे कुठे होतं?

भाऊजी : नव्हतं. खरंच. पैसे रुमालाच्या गाठीत. मग रुमाल लिहा. अडकित्ता काढा.

वहिनी : तो चंचीच्या यादीत जाईल. ती यादी तुम्हीच करा. मी लग्न होऊन आले तोवर त्यांचं पान जवळजवळ सुटलं होतं.

भाऊजी : मी लिहिणार नाही. बोलेन. लिहिलं की ते तेवढंच राहतं. मी अन् दादा बोलायला बसलो की दर वेळी चंचीतून काहीतरी नवीन निघतं.

वहिनी : आणि तुम्ही दोघं नसाल तेव्हा?

भाऊजी : तेव्हाचं तुमची वही बघेल. मी तुमच्यासारखा नाही होणार, वहिनी. पण तुमचा तो मथळ्याचा प्रकार मला आवडला. मथळा कसा धरायचा?

वहिनी : अरुंद. 'आवडते किल्ले' असा घेतलात तर पुन्हा मोजणीच सुरू होईल. असा घ्या की पुस्तकात तयार मिळणार नाही, आणि एखादी गोष्ट त्यात बसते की नाही यावर तुम्हाला स्वतःशीच वाद घालावा लागेल.

भाऊजी : नेढी. डोंगराच्या अंगातून आरपार गेलेलं भोक. राजगडाचं, सुवेळा माचीवरचं. पावसाळ्यात तिथे बसलं की वारा पाठीत थोपटत राहतो, टोपी हातात धरावी लागते. रतनगडाचं, ते माथ्यावर, त्यातून पलीकडचे डोंगर चौकटीत बसवल्यासारखे दिसतात. मदनचं. मोहनदरचं, ते गावातूनच दिसतं, वर जायच्या आधी.

वहिनी : तिथे तुम्ही बसला आहात की नुसतं खालून बघितलंय?

भाऊजी : मोहनदरच्यात बसलो नाही. मग ते धरायचं की नाही? मथळा 'नेढी' असेल तर येईल, 'बसलेली नेढी' असेल तर जाईल.

वहिनी : मथळा तुमचा, तुम्ही ठरवा.

भाऊजी : बसलेली. मोहनदर बाहेर. आणि कातळ फोडून माणसानं केलेली खिडकी असते, तटात, तोफेसाठी, ती?

वहिनी : ती नेढं कशी होईल? वाऱ्यापावसानं केलं ते नेढं.

भाऊजी : पण बसायला तितकंच सुख आहे हो तिथे. वारा तोच येतो.

वहिनी : मग मथळा बदला.

भाऊजी : नाही, मथळा बदलायचा नाही. खिडक्या वेगळ्या काढतो. आणि राजगडाची संजीवनी माची? तिथल्या दुहेरी तटाच्या मधल्या बोळात बसलं की... ते भोक नव्हे, पण थांबा, ते कुठे घालू?